पडण्याचं सोंग आणता येत नाही

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत पावसाळ्यात महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून आम्ही सगळे मिळून चित्रपट बघतो. गेल्या खेपेला निवड माझ्याकडे होती. मी १९९२ सालचा हाँगकाँगचा ‘पोलीस स्टोरी ३: सुपरकॉप’ लावला. जॅकी चॅन आणि मिशेल यो. मोठ्या मंडळींनी आधीच सांगून ठेवलं होतं की मारधाड असेल तर थोडा वेळ बसू आणि जेवायला जाऊ. दीड तास कुणी उठलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हाणामारी सुरू झाली की एरवी मांडीवर गवार घेऊन निवडायला बसतात. त्या रात्री त्यांच्या हातात एक शेंग तशीच राहिली आणि पडद्यावर हेलिकॉप्टर शहरभर फिरून आलं.

चित्रपट संपल्यावर माझ्या दहावीतल्या भाच्याने विचारलं, “मावशी, मी घाबरलो पण आणि हसलो पण. एकाच वेळी. बाकीच्या पिक्चरमध्ये आधी जोक होतो, मग फायटिंग होते, मग परत जोक होतो. इथे तसं नाही झालं. का?”

त्या रात्री मी त्याला धड उत्तर देऊ शकले नाही. शाळेत असताना केबलवर रात्री उशिरा लागणारे जॅकी चॅनचे चित्रपट मी आवाज बारीक करून बघितले आहेत. त्यानंतरच्या तीस वर्षांत ते किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही. तरी हा प्रश्न इतका नेमका मला कधी पडला नव्हता. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर.

आधी अडचण काय आहे ते बघू. ॲक्शन-कॉमेडी-थ्रिलर हे नाव आपण सहज घेतो, जणू मिसळीत फरसाण, रस्सा आणि कांदा. पण हे तीन पदार्थ एकमेकांशी भांडणारे आहेत. माणूस केळीच्या सालीवरून घसरला की आपण हसतो, कारण त्याला फारसं लागलेलं नाही याची आपल्याला खात्री असते. तोच माणूस उठला नाही, डोक्याखालून रक्त आलं, तर हसू तिथल्या तिथे थिजतं. म्हणजे हसायला खात्री लागते. थ्रिलरचं सगळं बळ मात्र खात्री काढून घेण्यात असतं. दाराआड कोण आहे, खोटं कधी उघडं पडेल, या धास्तीवर तो चालतो. ॲक्शनला तर लागणं हवंच, कुणालाच काही होत नसेल तर मारामारी बघायची कशाला? एकाला प्रेक्षक निर्धास्त हवा, दुसऱ्याला धास्तावलेला हवा आणि तिसऱ्याला अंग चोरून बसलेला. एकाच माणसाला एकाच खुर्चीत या तिन्ही अवस्थांत ठेवायचं कसं?

बहुतेक चित्रपट यावर सरळ वाटणीचा मार्ग काढतात. काही वेळेची वाटणी करतात, म्हणजे माझा भाचा म्हणाला तसं, दहा मिनिटं विनोद आणि दहा मिनिटं धाकधूक. काही माणसांची वाटणी करतात. आपल्याकडचं उत्तम उदाहरण महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’. त्यात भीती तात्या विंचूच्या बाहुल्याकडे आहे, हसू लक्ष्मीकांत बेर्डेकडे आणि हाणामारी इन्स्पेक्टरकडे. रामदास पाध्येंचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांनी मराठी घरांतल्या एका पिढीची झोप उडवली आणि त्याच चित्रपटात आपण पोट धरून हसलोही. तिघांनी आपापली कामं चोख केली म्हणून ते जमलं. हॉलिवूडनेही ऐंशीच्या दशकात हाच रस्ता धरला. ‘४८ अवर्स’ १९८२ चा, ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ १९८४ चा, ‘लीथल वेपन’ १९८७ चा. तिथे विनोद तोंडात असतो आणि मारामारी पिस्तुलात. एडी मर्फी बोलतो तेव्हा आपण हसतो, गोळ्या सुटतात तेव्हा हसणं थांबतं.

‘सुपरकॉप’ वाटणी करत नाही. यातलं हसू, धास्ती आणि मार तिन्ही एकाच गाठीतून निघतात. त्या गाठीला मराठीत फार चांगला शब्द आहे: सोंग.

गोष्ट थोडक्यात सांगते. हाँगकाँगचा पोलीस चान का-कुई, म्हणजे जॅकी, धाडसी पण थोडा फुशारकीखोर. वरिष्ठ त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि तो स्वतःच पुढे होऊन एक जोखमीची कामगिरी गळ्यात घालून घेतो. अमली पदार्थांच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या टोळीत शिरायचं. त्यासाठी आधी चीनमध्ये जायचं, तिथल्या श्रमछावणीत कैदी बनायचं आणि टोळीतला एक जण तिथे अडकला आहे त्याला पळवून नेऊन त्याचा विश्वास कमवायचा. चीनच्या पोलिसांकडून त्याच्या जोडीला यांग ही अधिकारी दिली जाते. ती मिशेल यो. का-कुईची प्रेयसी मे हिला यातलं काहीही माहीत नाही.

म्हणजे पोलिसाने गुन्हेगाराचं सोंग घेतलं आहे. इथपर्यंत हा साधा थ्रिलर आहे आणि सोंग उघडं पडलं तर जीव जाईल हा त्याचा ताण. आता बघा काय होतं. पळवून आणलेला गुन्हेगार खूश होतो आणि म्हणतो, तुझं गाव फोशानकडे ना, वाटेतच आहे, चल तुझ्या घरी जाऊ. का-कुईने ते गाव जन्मात पाहिलेलं नाही. घर नाही, माणसं नाहीत, गल्ली कुठे वळते तेही ठाऊक नाही. मागे टोळीची माणसं चालताहेत आणि हा पुढे वाट दाखवतो आहे. आपल्या घशाला कोरड पडते. तेवढ्यात गर्दीतून एक बाई धावत येऊन त्याला भाऊ म्हणून हाक मारते. ती यांग. पोलिसांनी आधीच एक घर, एक कुटुंब, एक म्हातारी उभी करून ठेवली आहे आणि म्हातारीच्या वेशात आहेत त्याचे हाँगकाँगचे साहेब. त्यांची ओळख पटल्यावर जॅकीच्या चेहऱ्याकडे बघा. आता त्याला हसू दाबायचं आहे, रडू आणायचं आहे, आणि शेजारी बसलेल्या खुन्याला यातलं काही कळू द्यायचं नाही.

त्या प्रसंगात विनोद कुठे संपतो आणि धास्ती कुठे सुरू होते हे मला दाखवा. नाही दाखवता येणार. साहेबांचा पदर जितका घसरतो तितकं हसू येतं आणि तितकाच धोकाही वाढतो. आपण हसतो ते त्याच कारणासाठी ज्या कारणासाठी घाबरतो. वाटणीने बनवलेल्या चित्रपटात विनोद आला की ताण सैल होतो. इथे विनोदच ताण वाढवतो.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. गडकरी रंगायतनमध्ये ज्यांनी फार्स बघितले आहेत त्यांना ते लगेच ओळखू येईल. एक खोटं, ते झाकायला दुसरं खोटं, दुसऱ्या खोलीतून नेमका नको तो माणूस बाहेर येणं. फक्त रंगमंचावरच्या फार्समध्ये खोटं उघडं पडलं तर सासरे रागावतात. इथे डोक्यात गोळी बसते. पुढे क्वालालंपूरच्या हॉटेलात हा फार्स पूर्ण रंगात येतो. मे पर्यटकांना घेऊन नेमकी तिथेच आलेली असते, तिला आपला माणूस परक्या बाईबरोबर दिसतो आणि ती भर लोकांत त्याला जाब विचारायला लागते. टोळीचे लोक चार हातांवर. तिला खरं सांगावं तर मोहीम जाते, न सांगावं तर ती जाते. शेवटी तो तिला खरं सांगतो आणि मग लिफ्टमध्ये बोललेलं एक वाक्य नको त्या माणसाच्या कानावर पडतं. तेवढ्याने सोंग फाटतं. मे हिला ओलीस धरलं जातं आणि त्यानंतरची सगळी प्रचंड मारामारी, हेलिकॉप्टर, आगगाडी, ही त्या लिफ्टमधल्या एका वाक्याची किंमत आहे.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. थ्रिलर म्हणजे सोंग टिकेल का याची धास्ती. कॉमेडी म्हणजे सोंग टिकवण्याची धडपड. ॲक्शन म्हणजे सोंग फाटल्यावर जे होतं ते. एकाच गोष्टीच्या या तीन अवस्था आहेत, म्हणून त्या एकमेकींशी भांडत नाहीत.

एक गोष्ट यातच सांगायला हवी, कारण आज बघणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. १९९२ साली हाँगकाँग ब्रिटिशांकडे होतं आणि १९९७ साली ते चीनकडे जायचं ठरलेलं होतं. पाच वर्षं उरली होती. त्या शहराचा पोलीस आणि चीनची पोलीस अधिकारी अशी जोडी पडद्यावर आणणं म्हणजे प्रेक्षकाच्या घरातली काळजीच पडद्यावर आणणं. न जमणाऱ्या दोघांना एकत्र बांधून विनोद काढणं ही या प्रकारच्या चित्रपटांची जुनी युक्ती आहे, पण तिथे बहुधा दोन स्वभाव टक्कर घेतात. इथे दोन व्यवस्था समोरासमोर येतात. हाँगकाँगचा हा रुबाबात चीनला जातो आणि तिथली शिस्तीची बाई त्याला पदोपदी मागे टाकते. शेवटी जप्त होणारा पैसा कुणाच्या सरकारचा यावरही दोघं हुज्जत घालतात. हाँगकाँगचा प्रेक्षक त्यावर हसला असेल तर तेही धास्तीत बुडालेलं हसू असणार.

आता उरलेलं अर्धं उत्तर. मला स्वतःला जास्त जवळचं वाटतं ते हेच.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या चित्रपटाने त्यात भर घातली आहे: पडण्याचंही सोंग आणता येत नाही. पहिल्या तासाभरात ज्यांनी नाव, गाव, नातं, सगळ्यांची सोंगं घेतली, तीच माणसं शेवटच्या वीस मिनिटांत असं काही करतात ज्यात सोंगाला जागाच नाही. जॅकी छतावरून झेप घेऊन उडत्या हेलिकॉप्टरच्या दोरशिडीला लटकतो आणि तसाच लटकत क्वालालंपूर शहरावरून जातो. मिशेल यो मोटारसायकल उतारावरून उडवून धावत्या मालगाडीच्या टपावर उतरते. या प्रसंगासाठी ती मोटारसायकल चालवायला शिकली होती. दिग्दर्शक स्टॅन्ली टाँग स्वतः स्टंटमधून आलेला माणूस.

काकूंनी त्या वेळी विचारलं होतं, “अगं, त्याला दोरी लावलीय ना?” प्रश्न साधा आहे पण सगळं त्यावरच उभं आहे. प्रेक्षकाला दोरी आहे असं वाटलं की तो मागे रेलून बसतो. दोरी नाही असं वाटलं की पुढे सरकतो. प्रेक्षकाला हे कशावरून वाटतं, तर कॅमेऱ्यावरून.

हे जरा उलगडून सांगते. मारामारी चित्रित करायचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्यात कॅमेरा जवळ असतो, हलत असतो आणि तुकडे छोटे असतात. एका तुकड्यात उगारलेली मूठ, दुसऱ्यात मागे फेकलं गेलेलं तोंड. मूठ तोंडाला लागलेली आपण बघतच नाही, ती आपल्या मनात लागते. ज्या नटाला मारामारी येत नाही त्याच्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे, आणि आज तो सर्रास दिसतो. दुसऱ्यात कॅमेरा लांब आणि स्थिर असतो, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, आणि फटका नि त्याचा परिणाम एकाच तुकड्यात असतो. इथे लपायला जागा नाही. जॅकीची सगळी घडण या दुसऱ्या मार्गाची. फटका आणखी जोरदार वाटावा म्हणून हाँगकाँगवाले त्यात एक बारीक कसब वापरायचे. लांबून फटका पूर्ण दाखवायचा, मग जवळच्या तुकड्यात त्याचाच शेवटचा अंश पुन्हा घ्यायचा. डोळ्याला ते दोन फटके वाटत नाहीत, एकच दणदणीत वाटतो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने दाखवला जातो. मारामारी टिपताना कधी कधी त्याहून दोन-तीन चित्रं कमी घ्यायची म्हणजे पडद्यावर हालचाल किंचित वेगवान दिसते, ही युक्तीही त्या काळी तिथे रुळलेली होती. अवघड उडी तर दोन-तीन कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवायचे, जणू आपण सांगतोय ते खरं आहे म्हणून साक्षीदार उभे करावेत तसे.

आणि मग विनोद. लांबून आणि अखंड दाखवल्यामुळेच विनोद जन्माला येतो, कारण माणसाचं गोंधळणं पूर्ण अंगाने होतं. जॅकी कुणाला ठोसा मारतो आणि मग स्वतःचा हात झटकत फुंकर घालतो. हे फार मोठं पाऊल होतं. त्याच्या आधी ब्रूस ली होऊन गेला होता आणि त्याच्या मृत्यूनंतर सगळे त्याची नक्कल करत होते. ब्रूस लीला दुखत नसे. जॅकीने ठरवून उलटं केलं. त्याला दुखतं, तो घाबरतो, पळतो, हाताला येईल ती खुर्ची, शिडी, टेबल पुढे करतो. ज्याला दुखतं त्याची आपल्याला काळजी वाटते, आणि ज्याची काळजी वाटते त्याच्या धडपडीवरच आपण मायेने हसू शकतो. दगडाच्या नायकावर कुणी हसत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठी कुणी घाबरतही नाही.

हे अंग त्याने कमावलं कुठे? लहानपणी तो हाँगकाँगमध्ये चिनी संगीत नाटकाच्या एका शाळेत राहायला होता, सुमारे दहा वर्षं. गाणं, अभिनय, कोलांट्या, शस्त्रं, सगळं पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि चुकलं की छडी. सॅमो हुंग आणि युएन ब्याव हे त्याचे तिथले सोबती. ‘सुपरकॉप’मध्ये जो गुन्हेगार का-कुईला घरी चल म्हणतो ती भूमिका करणारा युएन वा हाही त्याच शाळेतला, आणि तो ब्रूस लीच्या जागी कोलांट्या मारणारा माणूस होता. म्हणजे फोशानच्या त्या घरात शेजारी शेजारी बसून सोंग करणारे ते दोघं एकाच गुरूच्या हाताखाली घडलेले आहेत. आपल्या दशावतारात जसं एकाच नटाला गाता, लढता आणि हसवता यावं लागतं तसंच त्या नाटकात होतं. तिथे ॲक्शन आणि कॉमेडी ही वेगळी खाती नव्हतीच.

दुसरा वारसा मूकपटांचा. हॅरॉल्ड लॉइड १९२३ साली इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लटकला होता. बस्टर कीटनवर १९२८ साली घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळली आणि तो खिडकीच्या भोकात नेमका उभा असल्यामुळे वाचला. जॅकीने १९८३ साली ‘प्रोजेक्ट ए’मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली पडून लॉइडला सलाम केला. बोलपट आला तसा शरीराचा विनोद अमेरिकेत मागे पडला, हाँगकाँगने तो पन्नास वर्षांनी पुन्हा उभा केला आणि त्यात खऱ्या माराची भर घातली.

ठाण्यात राहणाऱ्याला हे पटवायला मला मूकपटांपर्यंत जायची खरं तर गरज नाही. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी टेंभी नाक्यावर किंवा वर्तकनगरला उभं राहिलं की पुरे. २०१२ साली ठाण्यातच जय जवान पथकाने नऊ थर लावले आणि गिनीज बुकात नोंद झाली. थर चढताना गर्दीचं तोंड बघा. सातव्या थरावरचा मुलगा थरथरतो, खालचा कुणी ओरडतो, सगळा रस्ता श्वास धरतो. वर गेलेलं पोर सलामी देतं आणि हसतं, तेव्हा हजारो माणसं त्याच्याबरोबर हसतात. थर अजून उभे आहेत, उतरायचं बाकी आहे, धोका होता तितकाच आहे, आणि तरी हसू आलेलं आहे. थर कोसळले तर आधी हाय निघते, मग सगळे उठून उभे राहिलेले दिसले की त्याहून मोठं हसू. पडद्यावर जे घडवायला दिग्दर्शकांची कसोटी लागते ते आमच्या रस्त्यावर दरवर्षी घडतं. त्यात मुलं जायबंदी होतात हेही आम्ही बघितलेलं आहे, म्हणून दोर आणि शिरस्त्राण आलं याचं मला मनापासून बरं वाटतं.

मिशेल योबद्दल वेगळं लिहायला हवं. या चित्रपटाचं खरं धाडस तिच्यात आहे. मलेशियात जन्मलेली, लंडनला बॅले शिकलेली मुलगी. पाठीच्या दुखण्याने नाच सुटला, मग हाँगकाँगच्या मारधाडपटांत आली, १९८८ साली लग्न करून पडद्यापासून दूर गेली आणि याच चित्रपटातून परतली. त्या काळच्या मारधाडपटांत बाईची जागा बहुधा ओलीस म्हणून. इथेही ती जागा आहे, मे झालेल्या मॅगी चँगकडे, आणि ते मला खटकतं. इतकी ताकदीची अभिनेत्री हाताशी असताना तिला मत्सर, रडणं आणि ओलीस पडणं एवढंच दिलं आहे. पण त्याच चौकटीत मिशेल यो उभी आहे. ती जॅकीइतकीच लढते, त्याच्याइतकीच पडते आणि चेहऱ्यावर एकदाही ‘बघा मी काय करतेय’ असा भाव आणत नाही. जोडीतला गंभीर माणूस ती आणि विदूषक तो. ही उलटापालट झाली नसती तर चित्रपट निम्म्याने पातळ झाला असता.

खटकण्यासारखं आणखी आहे. मधे थायलंडच्या सीमेवर बंदुका आणि स्फोटांचा मोठा प्रसंग आहे. तिथे सगळं पेटतं, पण हसू येत नाही आणि धास्तीही वाटत नाही. स्फोटापुढे शरीर दिसतच नाही. जॅकीच्या हातातून शिडी आणि खुर्ची काढून मशीनगन दिली की तो इतर कुणाहीसारखा होतो. या एका प्रसंगाच्या अपयशातून चित्रपटाचं बाकीचं यश नीट समजतं.

या प्रकारच्या चित्रपटांत याची जागा कुठे, ते आता सांगणं सोपं जाईल. १९८५ चा पहिला ‘पोलीस स्टोरी’ आणि १९८८ चा दुसरा, दोन्ही जॅकीने स्वतः दिग्दर्शित केले. त्यांत शरीर होतं, शहर होतं, पण सोंगाची ही घट्ट गाठ नव्हती. तिसऱ्यात ती आली. जागेवरच आवाज मुद्रित केलेला हा त्याचा पहिला चित्रपट, त्यामुळे दम लागलेला श्वाससुद्धा त्या क्षणाचाच आहे. या भूमिकेसाठी त्याला तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. मारधाडीच्या नटाला अभिनयाचं पारितोषिक, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

दोन वर्षांनी, १९९४ साली, जेम्स कॅमेरॉनने ‘ट्रू लाइज’ आणला, एका फ्रेंच चित्रपटावर बेतलेला. तिथेही गाठ सोंगाचीच: नवरा गुप्तहेर आणि बायकोला पत्ता नाही. फार्सचा भाग कमालीचा रंगतो. पण सोंग फाटल्यावर पुढे येतं ते लढाऊ विमान आणि संगणकाने जोडलेली चित्रं. भव्य आहे, मला आवडतो, पण काकूंनी त्यात दोरीचा प्रश्न विचारला नसता. १९९६ साली ‘सुपरकॉप’ अमेरिकेत पोहोचला तोही इंग्रजी आवाज चढवून, काटछाट करून, संगीत बदलून. शक्य असेल तर मूळ हाँगकाँगची आवृत्तीच बघा. त्यानंतर १९९८ चा ‘रश अवर’. त्यात हॉलिवूडने आपली वाटणीची पद्धत पुन्हा वापरली, तोंड ख्रिस टकरचं आणि अंग जॅकीचं. चालला खूप, पण तिथे जॅकीला उड्या मारायला मिळतात आणि फसवायला फारसं मिळत नाही.

धागा तुटला मात्र नाही. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ हा २०२२ चा चित्रपट लिहिणाऱ्यांनी मुख्य भूमिका आधी जॅकी चॅनला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. मग ती बाईची झाली, मिशेल योने केली आणि २०२३ साली तिला ऑस्कर मिळालं. कपडे धुण्याचं दुकान चालवणारी थकलेली आई, कर भरायच्या कचेरीत हाताला येईल ते घेऊन लढते, आणि आपण हसता हसता धास्तावतो. तीस वर्षांपूर्वीच्या मालगाडीच्या टपावरून ती बाई सरळ तिथे चालत आलेली आहे.

आमच्या हॉलमधल्या रात्रीची एक गोष्ट राहिली. जॅकीच्या चित्रपटांच्या शेवटी नावं सरकत असताना फसलेले टेक दाखवतात. लोक उठायला लागले होते, पण चौथ्या मजल्यावरचे एक दादा तसेच बसून होते. ते तरुणपणी गोविंदा पथकात तळाच्या थराला असायचे, खांदा अजून दुखतो म्हणतात. सगळा चित्रपट ते गप्प होते. आता त्यांनी विचारलं, “हे सगळं ठीक आहे, पण खाली धरायला कोण होतं?”

मी टेक मागे नेऊन पुन्हा लावला. मिशेल यो वरून जॅकीच्या उघड्या गाडीच्या काचेवर पडते. जसं ठरलं होतं तसं घडत नाही आणि ती बाजूला घसरायला लागते. चालत्या गाडीतून जॅकी तिला धरायला हात टाकतो. ती निसटून रस्त्यावर पडते, मागून वाहनं येत असतात. तिने तो स्टंट नंतर पुन्हा केला, चित्रपटात आहे तो दुसऱ्या वेळचा.

दादांनी तो हात तीनदा बघितला. मग माझ्या भाच्याला जवळ बोलावून, पडताना हनुवटी छातीला कशी टेकवायची, ते हॉलच्या मधोमध सतरंजीवर त्याला शिकवायला लागले.